गुरुवारच्या आत

"डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. मागच्या बुधवारी संध्याकाळी माझा नऊ वर्षांचा मुलगा ट्यूशनवरून घरी येऊन राहिला होता. गल्लीतल्या काळ्या कुत्र्याने मागून येऊन त्याच्या पोटरीला चावा घेतला. दातांच्या तीन खुणा आहेत, रक्तही आलं. मी तेव्हा ऑफिसात होते. घरी सासूबाईंनी जखमेत तिखट आणि हळद भरली अन् वरून फडकं बांधलं. गुरुवारी सकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताचं आणि रेबीजचं, अशी दोन इंजेक्शनं दिली. रेबीजचं दुसरं रविवारी होतं, पण दवाखाना बंद, म्हणून आज सोमवारी दिलं. शेजारीण म्हणाली, जखमेत द्यायचंही एक इंजेक्शन असते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पायालाच आहे, त्याची गरज नाही.

सासूबाई म्हणतात, उमरेडच्या बाजूला एक जण पाठीला काशाची थाळी लावून विष उतरवतो, गुरुवारी तिथे जाऊ. मुलाचं अंडं, मटण, वांगं सगळं बंद केलं आहे. धाकटीला त्याच्या ताटात जेवू देत नाही. तो पाणी प्यायला लागला की मी त्याच्या गळ्याकडे बघत बसते. कुत्रा दोन दिवसांपासून दिसला नाही, गल्लीतली पोरं काठ्या घेऊन त्याला शोधून राहिली आहेत. बाजूच्या काकू या कुत्र्यांना रोज भाकर टाकतात, त्यावरून माझं त्यांच्याशी मोठं भांडण झालं. कोणी म्हणते चार इंजेक्शनं, कोणी म्हणते पाच. डोकं चालत नाही आहे. काय करू?"

*

ताई,

तुमची मेल सोमवारी रात्री उशिरा आली. सहसा मी पत्रांना सदरातूनच उत्तर देते. तुम्ही खाली फोन नंबर लिहिला होता म्हणून मंगळवारी सकाळी सात वाजताच तुम्हाला उठवलं आणि एवढंच सांगितलं, की आज ऑफिसला सुट्टी टाका, मुलाला मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या आणि जखमेतलं सिरम मागून घ्या. दुपारी तुमचा निरोप आला की सिरम मिळालं, पोरगा खूप रडला आणि मग मिसळ मागितली. आता माझा जीव थोडा भांड्यात पडला आहे, तेव्हा बाकीचं सावकाश लिहिते. एवढी घाई काहून केली, हे मात्र आधी सांगायला हवं, कारण तुमच्यासारखी चूक माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन पत्रांत असते.

रेबीजची लस शरीराला शिकवते. विषाणू ओळखायला आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार करायला शरीराला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत विषाणू जखमेतल्या नसेत शिरला, तर तो नसेनसेने मेंदूकडे चालू लागतो. हा मधला काळ उघडा पडू नये म्हणून तयार प्रतिपिंडं थेट जखमेत सोडतात. त्यालाच सिरम म्हणतात. लस दंडात आणि सिरम जखमेत, दोघांची कामं वेगळी. एक दिलं म्हणून दुसरं टळत नाही.

सिरमला वेळेची मर्यादा आहे. लशीचं पहिलं इंजेक्शन झाल्यापासून सात दिवसांपर्यंतच ते देतात. त्यानंतर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं आणि बाहेरून दिलेली त्यात उलट अडथळा आणू शकतात. तुमची पहिली लस गुरुवारची, म्हणजे हा गुरुवार शेवटचा. तुम्ही सोमवारी रात्री लिहिलंत आणि गुरुवारी उमरेडला जायचा बेत होता. म्हणून तो सकाळी सातचा फोन.

इथे दोन गोष्टी वाचकांसाठी. सात दिवस मोजायचे ते पहिल्या लशीपासून, चाव्यापासून नाही. चावून पंधरा दिवस झाले, महिना झाला आणि अजून काहीच घेतलेलं नाही, अशांनीही "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये. त्यांना आजच चावला असं धरून लस आणि सिरम दोन्ही देतात. आणि ज्यांचे सात दिवस सिरमशिवाय उलटून गेले, त्यांनी घाबरून जाऊ नये, पण उरलेली लस एकही न चुकवता पूर्ण करावी.

"पायालाच आहे, गरज नाही" हे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटत नाही. सिरम लागतं की नाही, हे चावा किती खोल आहे यावर ठरतं. कुत्र्याने नुसता स्पर्श केला किंवा धडधाकट कातडीवर चाटलं तर साबणाने धुवायचं, बस. रक्त न येता ओरखडा उठला किंवा कातडी चिमटली तर धुवायचं आणि लस घ्यायची. कातडी फाटून रक्त आलं, आधीच्या उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं किंवा त्याची लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर धुणं, लस आणि सिरम तिन्ही. तुमच्या मुलाच्या पोटरीत तीन दात रुतले आणि रक्त आलं, म्हणजे तो तिसऱ्या गटातलाच. चेहरा, डोकं, मान, बोटं इथला चावा जास्त घातक असतो, कारण तिथे नसांचं जाळं दाट, आणि बोटं सोडली तर मेंदूचं अंतरही कमी. लहान मुलांची उंचीच अशी की कुत्र्याचं तोंड त्यांच्या तोंडाजवळ येतं. पण म्हणून पायाचा चावा माफ होत नाही.

पोरगा एवढा का रडला, तेही समजून घ्या. सिरमचा डोस वजनावर ठरतो. घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोमागे 40 युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर 20. 24 किलोच्या मुलाला घोड्याचं म्हणजे 960 युनिट. हे औषध दातांच्या प्रत्येक खुणेत आणि तिच्या भोवती सुई फिरवून मावेल तेवढं भरावं लागतं. दुखतं, खोटं कशाला बोलू? पण काही ठिकाणी मूल रडतं म्हणून सिरम कुल्ल्यात टोचून मोकळे होतात. मग ते जिथे हवं तिथे पोचतच नाही. तुमच्या मुलाला जखमेतच दिलं असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा ज्यांनी दिलं त्यांना माझा नमस्कार.

पुढचं इंजेक्शन घेताना त्याला एक गोष्ट सांगा. 1885 सालच्या जुलैत जोसेफ मेस्टर नावाच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने चावून चावून फोडलं होतं. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. पाश्चरनी तोवर ही लस माणसाला अशी टोचली नव्हती. मुलगा वाचला. तोही नऊच वर्षांचा होता.

आता पहिला तास. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तो तास घरात जातो, तिथे डॉक्टर नसतो.

कुत्रा चावल्यावर पहिलं काम, नळाखाली पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. कोणताही साबण चालतो, अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण ते विरघळवतो, जसं मटणाच्या भांड्याचं तेल सुटतं तसं. आवरण गेलं की विषाणू निकामी. नळाला पाणी नसेल तर ड्रममधलं पाणी मगाने ओतत राहायचं, कोणी तरी साबण लावत राहायचा. दातांची भोकं खोल असतात, तेव्हा पाण्याची धार आतपर्यंत गेली पाहिजे, मात्र ब्रशने किंवा घासणीने घासायचं नाही. मग कोरडं करून पोव्हिडोन आयोडीन लावायचं, ते तपकिरी औषध बहुतेक घरांत असतंच. नसलं तर स्पिरिट. पट्टी बांधायची नाही, उघडंच ठेवायचं. आणि लगेच निघायचं, उद्या सकाळी नाही. आकस्मिक विभाग रात्रीही सुरू असतो.

एवढं साधं आहे आणि हेच होत नाही. सासूबाईंवर रागावू नका, त्यांनी जे केलं ते माझ्याही आजीने केलं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात मी सात वर्षांची असताना मला कुत्रा चावला, तेव्हा आजीने मुठीने तिखट भरलं. मला अजून तो जाळ आठवतो. त्या जाळाने "विष जळतंय" असं मोठ्यांना वाटतं. जळते ती कातडी. विषाणूला तिखटाने काही होत नाही, हळदीने नाही, चुन्याने नाही, तंबाखूनेही नाही. वर त्या सगळ्याचा लगदा जखमेत बसतो, दवाखान्यात तो काढण्यातच वेळ जातो, आणि धुणं राहतं ते राहतंच. सासूबाईंना असं सांगा की तुमचं जखमेला लगेच काही तरी लावायचं मन बरोबर होतं, फक्त डबा चुकला. तिखटाच्या डब्याऐवजी साबणाची वडी.

टाके हा आणखी एक घोळ. फाटलेली जखम बघून घरचे म्हणतात, शिवून टाका, दिसायला बरी दिसेल. चावलेली जखम शक्यतो शिवत नाहीत. चेहऱ्यासारख्या जागी शिवावीच लागली तर आधी सिरम भरून, काही वेळाने आणि सैल टाके घालतात.

माझ्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं असायची. मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस, रोज एक. नर्सबाई आज बेंबीच्या उजवीकडे, उद्या डावीकडे टोचायच्या आणि मला रोज वाटायचं, आता जागा संपली. भारतात ती लस 2004 च्या अखेरीस बंद झाली. पण तिची भीती अजून गेलेली नाही. कुत्रा चावला हे पोरं आईबापापासून लपवतात ते या पोटातल्या सुयांच्या गोष्टी ऐकून. म्हणून घरात मोठ्याने बोला की आता दंडात टोचतात, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीत. कुल्ल्यात लस घ्यायची नाही, तिथे ती नीट काम करत नाही.

चार की पाच? दोघेही खरं बोलत आहेत. स्नायूत देतात ती पाच, म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत बहुतेक कातडीत देतात, दोन्ही दंडांवर थोडी थोडी, 0, 3, 7 आणि 28 ला. म्हणजे चार फेऱ्या. कातडीतली लस कमी प्रमाणात लागते म्हणून ती हलकी असं मुळीच नाही, दोन्ही सारख्याच कामाच्या आहेत. तुमचं दुसरं इंजेक्शन एक दिवस उशिरा झालं, म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. पुढच्या तारखा डॉक्टरांकडून कार्डावर नव्याने लिहून घ्या. रविवारी दवाखाना बंद असेल तर तारीख पुढे ढकलायची नाही, मेडिकल किंवा मेयो, यांपैकी एखादं मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं. आणि एकदा हा कोर्स पूर्ण झाला की कार्ड फेकू नका. पुन्हा कधी कुत्रा चावला तर फक्त दोन इंजेक्शनं लागतात, 0 आणि 3 ला, सिरम लागत नाही. पण ते कार्ड दाखवता आलं पाहिजे.

थाळीचं काय? ती का चिकटते मला माहीत नाही आणि मी त्यात पडत नाही. तिने माणसं "बरी" का होतात ते मात्र सांगता येईल. रस्त्यावर चावणारे बहुतेक कुत्रे पिसाळलेले नसतात. कोणी पिल्लांजवळ गेलं म्हणून चावतो, कोणी शेपटीवर पाय पडला म्हणून. अशा कुत्र्याने चावलेल्या शंभर जणांना थाळी लावा, चमचा लावा किंवा काहीच लावू नका, रेबीज होणारच नव्हता. थाळीवाल्याचं नाव त्यांच्या जोरावर होतं. ज्याला खरा पिसाळलेला चावला, तो रेबीज झाला तर बहुतेकदा एक ते तीन महिन्यांनी जातो आणि तेव्हा थाळीवाल्याला कोणी विचारायला जात नाही. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई जावी म्हणून मारबतीचा पुतळा काढतात आणि सगळा गाव "घेऊन जा गे मारबत" म्हणतो, मीही म्हणते. पण रेबीज मारबत नेत नाही हो. सासूबाईंचं मन राखायचं असेल तर इंजेक्शनचा वार सोडून त्यांना घेऊन जा, जखमेला कोणाला हात लावू देऊ नका, आणि तिथे कोणी "आता सुया बंद करा" म्हणालं तर ऐकून न ऐकल्यासारखं करून परत या.

अंडी, मटण, वांगं, सगळं चालू करा. या लशीला काहीही पथ्य नाही. तर्री पोहे खाऊ द्या, मिसळ तर त्याने स्वतःच मागितली. धाकटीला त्याच्या ताटात जेवू द्या, दोघं एकाच अंथरुणात झोपू द्या. तो आजारी नाही. अंघोळ, शाळा, खेळ सगळं करू शकतो. मुलाला कुठल्या दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असतील तर तेवढं मात्र डॉक्टरांना सांगायला विसरू नका, मग हिशोब बदलतो. पोटुशी बाई असो की अंगावर पाजणारी, तिलाही लस आणि सिरम दोन्ही देता येतात. हे मुद्दाम लिहिते, कारण "पोटात बाळ आहे, थांबू या" म्हणणारे अजून भेटतात.

आणि पाण्याचा ग्लास. ताई, हे वाचून मला कसंसंच झालं. पाण्याची भीती हे माणसातल्या रेबीजचं लक्षण आहे हे खरं, जलसंत्रास म्हणतात त्याला, गिळायला गेलं की घशाचे स्नायू आवळतात. पण चावल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकदा एक ते तीन महिने जातात. आणि ती एकदा दिसली की आजार जवळजवळ नेहमी जीव घेतो. म्हणूनच डॉक्टर लक्षणांची वाट बघत नाहीत, आधीच सगळं देऊन टाकतात. तुमच्या मुलाला ते दिलं गेलं आहे. त्याच्या गळ्याकडे बघू नका, तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. बघायचंच असेल तर जखमेकडे बघा. लाली वाढत चालली, गरम लागली, पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. कुत्र्याच्या तोंडात साधे जंतूही भरपूर असतात आणि त्यांच्यासाठी अँटिबायोटिक लागू शकतं.

राहिला काळा कुत्रा. गल्लीतल्या पोरांच्या हातातल्या काठ्या आजच काढून घ्या. कुत्रा मारला तर तुमच्या हातातला एक मोठा पुरावा जातो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याच्या शेवटच्या काही दिवसांत, आणि मग तो फार दिवस जगत नाही. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा खातोपितो, धडधाकट आहे असं दिसलं, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. हा नियम कुत्र्या-मांजरांपुरताच. माकड, मुंगूस, कोल्हा, अस्वल यांना लागू नाही. तुमचे दहा दिवस येत्या शनिवारी भरतात. दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, असं मात्र कधीच करायचं नाही. लस पहिल्याच दिवशी सुरू होते, कुत्रा ठणठणीत निघाला तर पुढची इंजेक्शनं कशी द्यायची ते डॉक्टर ठरवतात.

कुत्र्यापुढे पाणी ठेवून "पितो म्हणजे पिसाळलेला नाही" असं ठरवू नका. पाण्याची भीती माणसाला वाटते, पिसाळलेला कुत्रा पाणी पिऊ शकतो. बघायचं ते वेगळंच. आवाज घोगरा झाला का, जबडा लोंबतोय का, लाळ गळते का, ओळखीच्या माणसावरही धावून जातो का, की उलट अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प पडून असतो. हा गप्प पडणारा जास्त फसवतो, लोक त्याला आजारी समजून गोंजारायला जातात.

आणि हे सगळं बघणार कोण? तुम्ही ऑफिसात, पोरं काठ्या घेऊन. त्या कुत्र्याला रोज जवळून बघणारं माणूस तुमच्या गल्लीत एकच आहे, ज्यांच्याशी तुम्ही भांडलात त्या काकू. तो कधी येतो, कुठे झोपतो, त्याच्या कानाला नसबंदीची खाच आहे का, भाकर पूर्ण खातो की सोडून जातो, त्यांना सगळं पाठ असणार. भाकर टाकण्यावरून तुमचं त्यांच्याशी काय मत आहे ते नंतर बोला. कुत्र्यांना खायला कोणी आणि कुठे घालायचं, यावरून आपल्या शहरात कोर्टापर्यंत जाऊन झालं आहे, एका संध्याकाळी दारात उभं राहून ते सुटणार नाही. नसबंदी करून, लस टोचून कुत्रा त्याच भागात परत सोडायचा, असा 2023 चा केंद्राचा नियम आहे, तेव्हा मनपाला अर्ज करायचा तर तो नसबंदीचा आणि लशीचा करा, "उचलून न्या" एवढंच लिहून फार काही होत नाही. त्या अर्जावर काकूंचीही सही घ्या, त्या देतील असं मला वाटतं.

आज संध्याकाळी मात्र भांडण बाजूला ठेवून त्यांच्या दारात जा. विचारा, काकू, तो काळा आला का? शनिवारपर्यंत रोज विचारा. तो मेलेला सापडला तर कोणी हात लावू नका, मनपाला कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांनाही सांगा. जिवंत दिसला तर भाकर खाताना त्याचा एक फोटो काढायला सांगा, तारखेसकट. तो फोटो लशीच्या कार्डासोबत ठेवा आणि मला पण पाठवा.